उन्हाळ्यात आपल्याच गल्लीत किडे, पाखरं आणि बाकीची मंडळी कशी शोधायची

पहिल्या उन्हाळ्यात मी जे केलं ते तुम्ही करू नका. एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी साडेदहाला, नवी कोरी दुर्बीण गळ्यात अडकवून मी वेताळ टेकडीवर गेले. दोन तास चढउतार केला, दोन घारी पाहिल्या आणि डोकं धरून घरी परतले ती संध्याकाळपर्यंत पडूनच होते. आईने पन्हं हातात दिलं आणि विचारलं, "काय दिसलं गं?" काही नाही.

त्याच आठवड्यात आई स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कढीपत्त्याच्या पानावरची चिमणीची घाण पुसायला गेली, आणि ती घाण चालायला लागली. ती लाइम बटरफ्लायची अळी होती. टेकडीवर दोन तासांत जे दिसलं नव्हतं ते गॅसपासून तीन फुटांवर होतं.

तेव्हापासून मी उन्हाळ्यात शक्यतो लांब जात नाही. खाली लिहिलंय ते पुण्यातल्या एका साध्या, तीन इमारतींच्या सोसायटीतलं आणि तिच्या भोवतीच्या दोन गल्ल्यांतलं आहे. नाशिक, संभाजीनगर, नागपूर इथेही बहुतेक लागू पडेल. मुंबई-कोकणात थोडा फरक पडतो, तो जिथल्या तिथे सांगते.

जवळ काय असावं

- वही आणि पेन्सिल. पेन घामाने फिसकटतं.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग. शालेय साहित्याच्या दुकानात साधं भिंग मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरे.
- मोबाइल. कॅमेरा नंतर.
- दुर्बीण असलीच तर ८ बाय ४२ ची. नसली तर पहिल्या वर्षी घेऊ नका. किड्यांना ती लागत नाही.
- पाण्याची बाटली, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट.
- टॉर्च आणि त्यावर बांधायला लाल जिलेटिन कागद.
- जुनी पांढरी चादर, कपडे वाळत घालायची दोरी, चार चिमटे.
- ओळखपत्र. हे मी गमतीने लिहीत नाही, पुढे कळेल.

१. आधी हद्द आखा

घरापासून चालत दहा मिनिटांत गाठता येतील अशा पाच जागा ठरवा. माझ्या: खिडकीतल्या कुंड्या, पार्किंगमागची कोरडी मातीची पट्टी, कोपऱ्यावरचा पिंपळ, नाल्याकाठची रुई आणि एरंड, आणि गच्ची. यापलीकडे मे महिनाअखेरपर्यंत जायचं नाही.

कंटाळवाणं वाटेल. पण तीच जागा पंधरा वेळा पाहिली की सोळाव्या वेळी काय बदललं ते डोळ्यांना आपोआप कळतं. नव्या जागी सगळंच नवं असतं, म्हणून काहीच दिसत नाही. मोकाट वाढलेला कोपरा एक तरी घ्याच. सोसायटीचं कापलेलं, फवारलेलं हिरवं लॉन दिसायला छान असलं तरी किड्यांच्या दृष्टीने ते वाळवंटच.

२. झाड ओळखा, किडा आपणहून सापडतो

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. नवशिका माणूस उडणाऱ्या फुलपाखरामागे धावतो. अनुभवी माणूस झाडाखाली उभा राहतो. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात, त्यामुळे मादी अंडी घालायला तिथे येणारच. शहरातली ही दहा-बारा झाडं ओळखता आली तरी अर्धं काम झालं:

- कढीपत्ता, लिंबू: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन. सोसायटीत कुणाकडे पपनस किंवा मोठं लिंबाचं झाड असेल तर ब्लू मॉर्मनसुद्धा. काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेलं हे भलंमोठं फुलपाखरू २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.
- रुई: प्लेन टायगर. नारिंगी पंख, काळी किनार. अळीवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत आणि ती भर उन्हात बिनधास्त बसते. नवशिक्यांसाठी याहून सोपं काही नाही.
- कण्हेर: कॉमन क्रो. याचा कोष पानाखाली लटकतो आणि चांदीच्या लोलकासारखा चमकतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणीतरी कानातलं अडकवून ठेवलंय असं वाटलं होतं.
- कण्हेर, तगर: ओलिएंडर हॉकमॉथ हा पतंग. अळी बोटाएवढी जाड, हिरवी, आणि डोक्यामागे दोन निळे डोळे काढल्यासारखे ठिपके. खरे डोळे नव्हेत ते.
- बहावा: कॉमन एमिग्रंट. पिवळट-पांढरी, कायम घाईत असलेली फुलपाखरं. बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो तेव्हा त्या पिवळ्या झुंबरांवर काळे भुंगेही असतात.
- आंबा: कॉमन बॅरन. याच्या हिरव्या अळीच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे असतात आणि ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी लांबट पडून राहते की शीर आणि अळी वेगळी कळत नाही. मला हिचा शोध लागायला तीन उन्हाळे लागले.
- एरंड: कॉमन कॅस्टर.
- कृष्णकमळ: टॉनी कोस्टर. अळ्या काटेरी, झुंडीने.
- शेवगा: फुलांवर शिंजीर पक्षी. खोडावर कधीकधी केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात.
- वड, पिंपळ, उंबर: यांचं वेगळं सांगते.

सापळा: केसाळ सुरवंटाला हात लावू नका. कुठलाच. काही निरुपद्रवी असतात, पण कुठले ते ओळखायला वेळ लागतो आणि तोवर हातावर गांधी उठलेल्या असतात. आंब्याच्या पानांमागे काटेरी हिरव्या, चपट्या गोगलगायीसारख्या अळ्या दिसल्या तर त्यांच्यापासूनही लांबच राहा. त्या चावत नाहीत, नुसत्या टेकल्या तरी आग होते.

३. घड्याळ बदला

उन्हाळ्यात दिवसाचे तीन तुकडे करा.

पहाटे साडेपाच-पावणेसहा ते आठ पक्ष्यांचे. साडेसात ते साधारण दहा फुलपाखरं, भुंगे, चतुर आणि सरड्यांचे. नर सरड्याचं डोकं आणि गळा या दिवसांत लाल होतो. कुंपणाच्या भिंतीवर तो दंड-बैठका काढताना दिसला तर समोर दुसरा नर किंवा मादी आहे हे समजा. रात्री आठ ते दहा पतंग, पाली, कोळी, घुबडं.

दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. पारा चाळिशीला टेकलेला असताना किडेही पानाखाली बसतात. तेवढं शहाणपण आपल्यालाही हवं. दुपारी खिडकीत बसून पाण्याच्या भांड्यावर कोण येतं ते बघा: बुलबुल, साळुंकी, दयाळ, कधी खार, कधी गांधीलमाश्या.

भांडं उथळ ठेवा, आत एक दगड ठेवा म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. आणि पाणी रोज बदला, एका दिवसाआड भांडं घासा. डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पक्ष्यांवरच्या प्रेमापोटी डेंग्यूच्या डासांची पैदास करणारी भांडी मी आमच्याच गच्चीत पाहिली आहेत.

४. पहिला महिना कढीपत्त्यावर घालवा

हे माझं खास मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पण ज्यांनी हे केलं त्यांचा उत्साह टिकला.

एक कढीपत्त्याची कुंडी उन्हात ठेवा आणि तिच्यावर कुठलीही फवारणी करू नका. कोवळी पालवी फुटली की रोज सकाळी पानांच्या कडा आणि खालची बाजू भिंगातून बघा. खसखशीपेक्षा थोडं मोठं, गोल, पिवळसर अंडं दिसेल. तीन-चार दिवसांत त्यातून काळपट-पांढरी अळी निघते, ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळेच ती वाचते. मोठी झाली की शेवटची कात टाकून हिरवीगार होते. तेव्हा तिला काडीने अगदी हलकं टेकवलं तर डोक्यामागून तांबूस रंगाचं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि सडक्या संत्र्यासारखा वास येतो. एकदाच करा. तिला उगाच त्रास देऊ नका.

मग कोष. कोषाचा रंग तो जिथे बांधला त्यावर ठरतो, हिरव्या फांदीवर हिरवा, सुक्या काडीवर तपकिरी. सगळं धरून महिनाभरात काम उरकतं.

सापळे दोन आहेत. पहिला: अळी बरणीत बंद करणं. बरणीत घाम धरतो, पानं कुजतात, अळी मरते. कुंडीतच राहू द्या. दुसरा: फुलपाखरू येणारच अशी खात्री धरणं. माझ्या पहिल्या पाच कोषांपैकी दोनांना बाजूला बारीक भोक पडलं आणि त्यातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीतला चिमुकला कीटक निघाला. अळीतच त्याच्या आईने अंडी घातली होती. भाची त्या दिवशी रडली. मी तिला सांगितलं की आपली अळीही कुणाचा तरी कढीपत्ताच आहे. पटलं नाही तिला, ठीक आहे.

आणि हो, शेजारीण दर शनिवारी फोडणीला कढीपत्ता मागायला येते. तिला अंडी असलेली डहाळी देऊ नका.

५. खोड, भिंत, धूळ

फुलपाखरांनी डोळा तयार झाला की खाली या.

*धूळ.* पार्किंगमध्ये, जिन्याखाली, जिथे पावसाचं पाणी पोचत नाही अशा भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात, रुपयाच्या नाण्याएवढे किंवा लहान. तळाशी अँटलायनची अळी दबा धरून असते. मुंगी कडेवरून घसरली की ती खालून मातीचे कण फेकते, मुंगी आणखी घसरते. गवताच्या काडीने खड्ड्याची कड हळूच खाजवा, तळाशी माती उडताना दिसेल. ही अळी उलटी चालते. मोठी झाली की तिचा चतुरासारखा दिसणारा, पण मिशा जाड असलेला कीटक होतो आणि तो रात्री दिव्याला येतो. पाऊस पडला की हे खड्डे विरघळतात, म्हणून हे काम मेमध्येच उरका.

*खोड.* पिंपळाच्या किंवा आंब्याच्या खोडाजवळ नाक नेऊन दोन मिनिटं स्थिर उभे राहा. सालीचाच एक तुकडा सरकला तर तो दोन शेपट्यांचा कोळी. खोडाला इतका चपटा चिकटतो की हलल्याशिवाय दिसणं जवळपास अशक्य. मुंबई, ठाणे, कोकणाकडे असाल तर खोडावर लाल ओंबील असतील, पानं शिवून घरटं करणाऱ्या. त्यांच्या रांगेत एखादी मुंगी जरा वेगळी, थबकत थबकत चालणारी दिसली तर पाय मोजा. आठ भरले आणि पुढचे दोन मिशांसारखे वर धरलेले असले तर ती मुंगी नाही, मुंगीचं सोंग घेतलेला कोळी आहे. ओंबिलांच्या घरट्याखाली मात्र उभं राहू नका. एकदा राहिलेली माणसं परत राहत नाहीत.

*भिंत.* खिडकीच्या चौकटीत, कधी वापरात नसलेल्या प्लगच्या भोकात मातीचं छोटं मडकं दिसेल. ही कुंभारीण माशी. आत ती आधी अंडं घालते, मग अळ्या बेशुद्ध करून रचते आणि तोंड लिंपते. ती चिडकी नसते. मडक्याला बाजूला भोक दिसलं म्हणजे पिल्लू उडून गेलं, मग हवं तर काढा. लाकडी तुळईत किंवा बांबूत पेन्सिल जाईल एवढं गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर तो काळा भुंगा. आपल्यावर चाल करून येतो, घोंगावतो, घाबरवतो तो बहुतेक नर असतो आणि नराला नांगीच नसते.

*गाड्या.* चतुर उन्हात चमकणाऱ्या गाडीच्या टपावर शेपूट आपटताना दिसला तर हसू नका. चकाकत्या रंगावरून परतणारा प्रकाश त्याला पाण्यासारखा वाटतो आणि मादी तिथे अंडी घालायचा प्रयत्न करते. आमच्या पार्किंगमध्ये एका लाल गाडीवर हे प्रत्येक मेमध्ये चालतं.

६. कानाने शोधा

झाडाच्या शेंड्यावरून कुणीतरी तांब्याचं भांडं ठोकल्यासारखं टुक-टुक-टुक मिनिटभर न थांबता ऐकू येतं, तो तांबट. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळावर लाल टिळा. वाळलेल्या फांदीत तो स्वतः ढोली कोरतो.

कोकिळेचा गोड आवाज म्हणतात तो कोकीळचा, नराचा. काळा कुळकुळीत, डोळे लाल. मादी तपकिरी, ठिपक्यांची, तिचा आवाज कर्कश किक-किक. तो ऐकू आला की आजूबाजूला कावळ्याचं घरटं शोधा, कारण तिची अंडी तिथेच जायची आहेत. मेअखेरीस रात्री-बेरात्री चढत्या सुरात "पेरते व्हा, पेरते व्हा" असा ओरडतो तो पावशा. शहरातल्या माणसांकडे पेरायला काही नसलं तरी तो ओरडतो.

पहाटे सगळ्यात आधी, अंधारातच, शिट्ट्यांची मालिका सुरू करणारा काळा-पांढरा दयाळ. उन्हाळ्यात तो अँटेनाच्या टोकावर बसून गातो.

आता वड-पिंपळ-उंबराचं. फळं पिकली की या झाडाखाली खुर्ची टाकून बसावं. वर काहीच दिसत नाही, पण फळांचे तुकडे टपटप पडत असतात. नीट पाहिलं की पानांच्याच रंगाची कबुतरं दिसतात, पिवळे पाय असलेली. हा हरियाल, आपला राज्यपक्षी. तो जमिनीवर फारसा उतरत नाही, म्हणून आयुष्य पुण्यात गेलेल्या माणसांनीही तो पाहिलेला नसतो. राखी धनेशही याच झाडांवर येतो. या दिवसांत एकटा नर सारखा फळं तोंडात धरून एकाच दिशेला जात असेल तर त्याची मादी कुठल्यातरी ढोलीत स्वतःला लिंपून पिल्लांसह बसलेली आहे, आणि तो फटीतून त्यांना भरवतोय. त्याचा पाठलाग करत ढोलीपर्यंत जाऊ नका. नर बिचकला तर आत सगळे उपाशी.

७. चादर आणि दिवा

गच्चीत किंवा अंगणात दोरीवर पांढरी चादर ताणा, समोर दिवा लावा, आठ ते दहा वाट बघा. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, दमट, वारा नसलेली रात्र सगळ्यात चांगली.

यात मी वर्षभर चुकले ते दिव्यात. पिवळसर एलईडीला पतंग फारसे येत नाहीत, कारण त्यात अतिनील किरण जवळपास नसतात. जुना सीएफएल दिवा माळ्यावर पडला असेल तर काढा, किंवा काळ्या-निळ्या प्रकाशाची अतिनील नळी मिळते ती वापरा. नळीकडे टक लावून पाहू नका.

फुलपाखरू की पतंग हा प्रश्न पहिल्या रात्री पडतोच. मिशा बघा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, काडेपेटीतल्या काडीसारखी. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. रंगावर जाऊ नका, काही पतंग भलतेच देखणे असतात.

दहा वाजता दिवा बंद. रात्रभर चालू ठेवला तर पतंग तिथेच बसून राहतात आणि सकाळी बुलबुल-साळुंक्या त्यांचा नाश्ता करतात. आपण पाहुण्यांना बोलावून मारल्यासारखं होतं ते.

८. फोटो, ॲप आणि वही

एका किड्याचे तीन फोटो काढा: वरून, बाजूने, आणि तो ज्या झाडावर आहे त्या झाडाचं पान. तिसरा फोटो सगळे विसरतात आणि ओळख पटवणारे जाणकार नेमका तोच मागतात.

ओळखीसाठी आयनॅचरलिस्ट आणि पक्ष्यांच्या आवाजासाठी मर्लिन ही दोन ॲप पुरेशी. मर्लिनमध्ये भारताचा पॅक आधी उतरवून घ्या. पण ॲप म्हणतं ते ब्रह्मवाक्य नाही. मला एकदा पार्किंगमधल्या साध्या ढेकणासारख्या किड्याला उत्तर अमेरिकेतली जात म्हणून दाखवलं आणि मी ती दोन दिवस मिरवली. नियम असा: सुचवलेली जात भारतात, आपल्या भागात दिसते का ते नकाशावर बघा. खात्री नसेल तर जात न लिहिता फक्त कुळ लिहा. "कोळी" एवढं लिहिलं तरी ती नोंदच आहे.

दर वर्षी एप्रिलअखेरीस सिटी नेचर चॅलेंज असतं. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या स्पर्धेतून ते सुरू झालं, आता जगभरातली शहरं चार दिवस नोंदी करतात. तुमचं शहर त्यात असेल तर भाग घ्या, जाणकारांशी ओळखी होतात.

सापळा: घरातून टाकलेल्या प्रत्येक फोटोला तुमच्या घराचा नेमका ठावठिकाणा चिकटतो. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर करायचा पर्याय आहे, तो घरच्या नोंदींना लावा. घरटी, घुबडांच्या ढोल्या यांचा पत्ता तर कुठेच टाकू नका, व्हॉट्सॲपच्या पक्षी-गटावरही नाही. दुसऱ्या दिवशी तिथे दहा कॅमेरे उभे राहतात.

वहीत तारीख, वेळ, झाड, काय करत होता, एवढं लिहा. ॲप बदलतील, वही राहते.

९. माणसांचं काय करायचं

खरा अवघड भाग हा आहे.

शेजारच्या सोसायटीत वाळक्या गुलमोहराच्या फांदीवर तांबटाची ढोली होती आणि दुर्दैवाने तिच्या बरोबर मागे कुणाची तरी बाल्कनी. मी दुर्बीण लावून उभी. दहा मिनिटांत वॉचमन, पंधरा मिनिटांत सेक्रेटरी. चूक माझीच होती. तेव्हापासून मी आधी जाऊन सांगते, ओळखपत्र दाखवते, आणि दुर्बीण पहिल्यांदा समोरच्याच्या हातात देते. तांबट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस सहसा हाकलत नाही. कॅन्टोन्मेंट आणि लष्करी आवाराच्या आसपास तर कॅमेरा-दुर्बीण काढूच नका.

वॉचमन काकांशी मैत्री करा. पहाटे तीन वाजता तुमच्या सोसायटीत जागा असलेला तो एकटा माणूस. आमच्या लिफ्टच्या खोलीवर गव्हाणी घुबड राहतं हे त्यांनीच सांगितलं. त्यांना ते दोन वर्षं माहीत होतं, कुणी विचारलंच नव्हतं.

मेमध्ये पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी निघते, नेमकी घरट्यांच्या दिवसांत. झाड तोडायला आणि छाटायला १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार पालिकेची परवानगी लागते. ती आहे का विचारा आणि छाटणीआधी घरटी कुठे आहेत ते यादी करून कमिटीला द्या. ओरडून काही होत नाही, यादीने होतं. "या सहा फांद्या ऑगस्टपर्यंत ठेवा" असं कागदावर लिहून दिलं तर बऱ्याचदा ऐकतात.

आग्या मोहोळ इमारतीला लागलं की गटावर गोंधळ उडतो. आग्या माश्या मुळात हंगामानुसार जागा बदलतात, मोहोळ बऱ्याचदा काही महिन्यांत आपणहून रिकामं होतं. तोवर त्या बाजूचे दिवे रात्री कमी करा, खिडक्यांना जाळी लावा, धूर किंवा फवारा मारू नका. हलवणं भागच असेल तर मधमाश्यांचं काम जाणणाऱ्यालाच बोलवा. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. माश्या अंगावर आल्याच तर हात न झटकता पळत बंद खोलीत शिरा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट डॉक्टर.

साप दिसला तर बाजूला व्हा, लांबून नजर ठेवा, सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. शहरात दिसणारा लांबलचक साप बहुधा धामण असते, बिनविषारी. पण "बहुधा"च्या भरवशावर हात घालू नका. साप पकडणं, घरटी-अंडी हलवणं, पोपट पाळणं या सगळ्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो.

१०. वळीव पडला की धावा

सगळा उन्हाळा ज्याची तयारी केली ते दोन-तीन संध्याकाळी घडतं.

पहिला जोरदार वळीव झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला कडुनिंब किंवा बाभळीखाली उभे राहा. जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघून झाडाकडे झेपावतात. ही हुमणी. ऊसवाल्या शेतकऱ्यांची ही वैरीण, तिची अळी मुळं खाते, म्हणून गावाकडे याच संध्याकाळी झाडं हलवून भुंगेरे गोळा करतात. शहरात ते फक्त तुमच्या केसांत अडकतील.

नंतर कधीतरी पाऊस थांबल्यावर वाळवीला पंख फुटतात. ट्यूबलाइटभोवती पाखरांचा धुरळा, सकाळी जिन्यात पंखांचा सडा. घरातले दिवे घालवून गच्चीतला एकच लावा आणि पाली, बेडूक, कोतवाल, घुबड कोण कोण जेवायला येतं ते बघा. त्या रात्री चादर लावू नका, नुसता चिखल होतो.

आणि सात-आठ जूनला मृग लागला की सकाळी लवकर मोकळ्या मातीचा एखादा तुकडा शोधा, पेव्हर ब्लॉक न बसवलेला. पाऊस झालेला असेल तर ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालताना दिसतील. मृगाचा किडा. पाय मोजा: आठ. म्हणजे किडा नाहीच, कोळ्याच्या नात्यातला. तळहातावर घेतला तर पाय पोटाशी घेऊन गप्प बसतो. जिथून उचलला तिथेच ठेवा आणि वहीत तारीख लिहा. आमच्या पार्किंगमागच्या पट्टीवर यंदा पेव्हर ब्लॉक बसवायचं कमिटीत चाललंय. निम्मी पट्टी तरी उघडी ठेवा असा अर्ज मी दिला आहे, हुमणीचा उल्लेख मात्र त्यात केलेला नाही.